शेऱ्याचा रकाना

डॉक्टरांनी हातमोज्याची कड मनगटावर ओढून घेतली, सुरीची धार नखावर तपासली आणि टेबलावरच्या मेंढीकडे न पाहता आप्पाला म्हणाले,

"तर तुमचं म्हणणं, जंतांनी मेली."

"म्हणणं कसलं साहेब. मेलीय."

"ती मेली आहे याविषयी आपल्यात मतभेद नाही. कशाने, एवढाच प्रश्न आहे."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून आप्पाने मेंढीचे मागचे पाय धरले होते, आणि जिवंत मेंढी धरावी तसे, हलक्या हाताने धरले होते. डॉक्टरांनी ते पाहिले आणि त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित खाली वळला.

विच्छेदनाच्या खोलीत सिमेंटचे टेबल, त्याच्या पायथ्याशी जाळी बसवलेली मोरी, भिंतीला रबरी नळी आणि एकच उंच खिडकी होती. मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला होता. त्यावर सतरा हा आकडा. जबड्याखाली पाणी साचून कातडीची पिशवी लोंबत होती.

चाळीस मेंढ्यांना जंतांचे नवे औषध पाजून आज सव्विसावा दिवस होता. ते औषध डॉक्टरांच्या विभागाने सहा वर्षे खपून तयार केले होते. पाजण्यापूर्वी प्रत्येकीच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजली होती, चौदाव्या दिवशीच्या लेंड्यांतली पुन्हा मोजली, आणि शंभरातली पंच्याण्णव अंडी नाहीशी झालेली आढळली. पंच्याण्णव हा आकडा डॉक्टरांनी अहवालात अंकी आणि अक्षरी अशा दोन्ही प्रकारे लिहिला होता. अहवाल आज चार वाजता गाडीने समितीकडे जायचा होता. समितीने मान डोलावली की औषध गावोगावच्या कळपांत पोचणार होते. नेमक्या अशा दिवशी एका मेंढीने मरावे, यात डॉक्टरांना त्या जातीला साजेसा अडाणीपणा दिसत होता.

डॉक्टर कोणावर रागावत नसत. रागवायला समोरचा माणूस निदान आपल्या पातळीचा असावा लागतो, असे त्यांचे मत होते. मेंढवाड्याचा परिचर असलेल्या आप्पाला ते 'तुम्ही' म्हणत. पण ते 'तुम्ही' असे काही उच्चारत की ऐकणाऱ्याला 'तू' बरे वाटावे. वाड्यात ते महिन्यातून एकदा, तेही बूट झाकून येत. "उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं," आप्पा प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगे, "आपले साहेब खुर्चीवरून मेंढ्या हाकतात."

दहा दिवसांपूर्वी हाच आप्पा डॉक्टरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला होता. त्याने खिशातून रंगाच्या दुकानात फुकट मिळते तशी छटांची पट्टी काढली. तीवर लालसर गुलाबीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सहा चौकोन होते. मेंढीची खालची पापणी ओढायची आणि ही पट्टी शेजारी धरायची; पापणी शेवटच्या चौकोनाशी जुळली की जंतांनी रक्त शोषले असे समजायचे, असे त्याने सांगितले. आठ मेंढ्या शेवटच्या चौकोनावर आल्या होत्या. त्यांना प्रयोगातून काढून जुने औषध पाजू द्यावे, एवढीच त्याची विनंती होती.

पापणीची परीक्षा डॉक्टरांना ठाऊक नव्हती असे नाही. पुस्तकात ती होती. पण पुस्तकातल्या पापणीसाठी मान्यताप्राप्त रंगपट्टी होती आणि प्रशिक्षित निरीक्षक होता. त्यांनी आप्पाची पट्टी दोन बोटांच्या चिमटीत घेतली आणि उलटी केली. मागे छापले होते: 'दिवाणखान्यासाठी खास'.

"मेंढ्यांचा दिवाणखाना रंगवायचा आहे का?"

"रंग रंगच असतो साहेब. कुठूनही आणा."

"शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात होते. इथे मोजावं लागतं. मोजलं आहे. यातल्या एकीला जरी जुनं औषध मिळालं, तर माझा सबंध तक्ता नासेल, हे तुम्हाला कळतं का?"

"मेंढी नासेल त्याचं काय?"

डॉक्टरांनी पट्टी स्वतःच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली, जशी वर्गातल्या एखाद्या पोराची गोटी जप्त करावी, आणि पुन्हा कागदांत डोके घातले. दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज सकाळी येई; पण तो आता एकाच मेंढीचे नाव काढी. सतराला काढू द्या, सतराला पाजू द्या. डॉक्टरांनी हेही टिपून ठेवले होते.

"काल आठ होत्या, आज एक," ते त्याला म्हणाले होते. "तुमचा दिवाणखाना फार लवकर सुधारला."

आता त्यांनी सतराच्या छातीवर सुरी टेकवली.

"आधी फुप्फुसं बघू. न्यूमोनिया निघेल."

फुप्फुसे स्वच्छ निघाली. रक्त मात्र लाल शाईचा ब्रश धुतलेल्या पाण्यासारखे मोरीकडे निघाले आणि त्याला गोठायचीही घाई नव्हती. डॉक्टरांनी चौथे पोट बाहेर घेतले, दोन्ही टोके बांधली, ट्रेमध्ये ठेवले आणि एका रेषेत उघडले.

आतल्या भिंतीला जणू केस उगवले होते, आणि ते केस हलत होते. सुतासारखे बारीक, लाल आणि पांढऱ्या धाग्यांचा पीळ घातल्यासारखे जंत एकमेकांत गुंतून वळवळत होते. डॉक्टरांनी चिमट्याने एक उचलला, दुसरा उचलला, मग चिमटा खाली ठेवला. मोजण्यात अर्थ नव्हता.

आप्पाने मेंढीचे पाय सोडले आणि नळीखाली हात धुतले.

"एक मेंढी म्हणजे पुरावा नव्हे," डॉक्टर म्हणाले.

"बरं."

"बरं काय?"

"तुम्ही म्हणता तसं. एक पुरत नाही." आप्पाने हात विजारीला पुसले. "पुरवता आली तेवढी पुरवली."

या वाक्यात काही अर्थ असेल, असे डॉक्टरांना वाटले नाही.

प्रयोगशाळेत बाई चौकोन आखलेल्या काचा पुसून ओळीने ठेवत होत्या. त्या एकोणीस वर्षे अंडी मोजत होत्या. त्यांना आता डोळे मिटले तरी अंडी दिसत, आणि त्यांच्या सासूबाईंच्या मते त्यांना दुसरे काही दिसतच नसे.

"चौदाव्या दिवशीच्या सतराच्या लेंड्या कोणी मोजल्या?"

"मीच, सर."

"किती अंडी?"

"काचेचे दोन्ही खाने मिळून एक."

"तिच्या पोटात हजारांनी जंत आहेत. एकेक मादी रोज हजारो अंडी घालते. त्या दिवशी त्या सगळ्या संपावर होत्या?"

बाईंनी हातातली काच खाली ठेवली.

"सर, लेंड्यांची पेटी तुम्ही परत आल्यावर उघडली होती."

"म्हणजे?"

"लेंड्या चौदाव्या दिवशी सकाळी काढल्या. तुम्ही दोन दिवस भाषणाला गेला होतात."

ते भाषण डॉक्टरांना चांगले आठवत होते. विषय होता, संशोधनातील मोजमापाची शिस्त.

"मग पेटी फ्रीजमध्ये दोन काय, चार दिवस राहिली असती तरी काही बिघडत नव्हतं."

"फ्रीजमध्ये नव्हती ती. तुमच्या टेबलावर होती. खिडकीपाशी."

"कोणाच्या परवानगीने?"

बाईंनी बोटाने फ्रीजचे दार दाखवले. तिथे डॉक्टरांच्या हातची आज्ञा चिकटवलेली होती. बाईंच्या नणंदेने एकदा तान्ह्या बाळाची दुधाची बाटली तासभर त्या फ्रीजमध्ये ठेवली होती. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तीन परिच्छेद लिहिले. ते त्यांच्या उत्तम गद्यलेखनापैकी होते. अर्धविराम जागच्या जागी होते, एकही शब्द काढता येण्यासारखा नव्हता. डॉक्टर चष्मा सावरून आपलेच लेखन वाचू लागले. 'प्रयोगाची मोहोरबंद पेटी माझ्या स्वाक्षरीवाचून या फ्रीजमध्ये ठेवली जाणार नाही. ती माझ्या टेबलावर, माझ्या आगमनापर्यंत, न उघडता राहील.'

लेंड्या दोन दिवस उबेला राहिल्या की अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात, आणि मोजणाऱ्याला अंडी सापडत नाहीत. हे डॉक्टर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत असत, आणि ज्याला ते आठवत नसे त्याला उभे करत असत.

"तुम्हाला अळ्या दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की. चांगल्या वळवळत होत्या."

"मग लिहिलं का नाही?"

"कुठे लिहू? तुमच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही."

रकाना पूर्वी होता. शेरा हा आळशांचा रकाना असतो, ज्याला मोजता येत नाही तो शेरा मारतो, असे म्हणून डॉक्टरांनीच तो नव्या छपाईत काढून टाकला होता.

"तोंडी सांगता येतं."

"आले होते सांगायला. तुम्ही म्हणालात, मी अंडी मोजायला सांगितली आहेत, अळ्या नाही."

बाईंचा आवाज चढला नाही, हे डॉक्टरांना विशेष झोंबले. ते खिडकीपाशी गेले. टेबलावर ऊन आले होते. त्यांनी तळहात त्या उन्हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

घड्याळात साडेअकरा झाले होते. इतरांच्या मूर्खपणावर उपाय शोधण्याची त्यांना सवय होती. स्वतःच्या बाबतीत तीच सवय कामी आली. औषध खरोखरच फसले असेल, तर ते सर्वांत आधी फिकट म्हणवणाऱ्या मेंढ्यांत दिसायला हवे. आप्पाच्या आठांपैकी सात जिवंत होत्या.

"त्या सातांच्या ताज्या लेंड्या हव्यात. जमिनीवरच्या नकोत, थेट मेंढीतून काढा. तुम्ही स्वतः काढा, आप्पा नको. मोजणार मी."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि हातमोजे उचलले.

डॉक्टर कित्येक वर्षांनी सूक्ष्मदर्शकावर बसले. लेंड्या मिठाच्या पाण्यात कुस्करल्या, गाळल्या, काचेत भरल्या; अंडी असतील तर तरंगून वर यायला हवी होती. पहिल्या काचेत हवेचे दोन बुडबुडे होते आणि गवताचा एक तंतू. दुसऱ्या काचेत तेवढेही नव्हते. तिसरीत शून्य, चौथीत शून्य. पाचव्या काचेपासून त्यांची पाठ सरळ होऊ लागली. सातवी काच त्यांनी दोनदा पाहिली, मग बाईंना पाहायला लावली.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"काही नाही," डॉक्टरांनी दुरुस्त केले, "याला शून्य म्हणतात."

त्यांनी सात शून्ये एकाखाली एक लिहिली. त्यांचे शून्य फार सुरेख येई.

"पेटी चुकली असेल. निष्कर्ष चुकलेला नाही. सर्वांत फिकट सातांत एकही अंडं नाही, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?"

"आणि सतरा?"

"सतराने औषध गिळलं नसेल, थुंकलं असेल. पाजणाऱ्याचा हात. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पाजता येईना तर औषध वाकडं."

बाईंनी काचा उचलल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिल्या.

तीन वाजून गेल्यावर डॉक्टर तक्त्याचा कागद घेऊन वाड्याकडे निघाले. हा कागद आप्पाला दाखवण्याची काही आवश्यकता नव्हती. अहवालात त्याला स्थान नव्हते आणि समितीला त्याचे अस्तित्वही माहीत नव्हते. पण अज्ञानाला त्याच्या घरी जाऊन गाठण्यात जे सुख असते, ते डॉक्टरांना सोडवेना. या वेळी ते बूट झाकायलाही विसरले.

आप्पा पाण्याची कुंडी घासत होता. मेंढ्या पलीकडच्या भिंतीच्या सावलीत एकमेकींच्या पाठीवर माना टाकून उभ्या होत्या.

"तुमच्या सात मेंढ्या," डॉक्टरांनी कागद पुढे धरला. "तुमच्या पट्टीप्रमाणे मरायला टेकल्या होत्या त्या. अंडी, शून्य."

आप्पाने कागदाकडे पाहिले.

"बरं झालं."

"झालं नाही. होतंच. पंच्याण्णव टक्के म्हणजे काय, हे आतातरी—"

"साहेब, त्यांना जुनं औषध पाजलंय."

कुंडीत पाणी पडत होते. डॉक्टरांनी कागद खाली घेतला.

"कोणी?"

"मी."

"केव्हा?"

"तुम्ही पट्टी खिशात घातलीत त्या संध्याकाळी."

"सातही?"

"सातही."

डॉक्टरांच्या मनात वाक्य तयार झाले. त्यात बेशिस्त होती, निलंबन होते, सहा वर्षांच्या श्रमांचा नाश होता, आणि शेवटी क्रियापद अगदी योग्य जागी येत होते. ते वाक्य बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि मधेच थांबले.

"आणि सतरा?"

आप्पाने वाकून नळ बंद केला.

"तिला नाही पाजलं."

"का?"

"आठही बऱ्या केल्या असत्या, तर तुम्ही म्हणाला असता, बघा, माझं औषध लागू पडलं. आत्ता म्हणालातच की." त्याने घासणी कुंडीच्या काठावर ठेवली. "तुम्ही पोरांना शिकवता ना इथं खिडकीखाली उभं करून, की एक बिनऔषधाची ठेवावी, नाहीतर काही कळत नाही. मी चारा टाकताना ऐकलंय. पालथ्या घड्यावर पाणी नव्हतं पडलं, साहेब."

"तुम्ही तिला मरू दिलंत."

"रोज येत होतो की तिच्यासाठी." आप्पाने आवाज वाढवला नाही. "तुम्ही हो म्हणाला असता त्या मिनिटाला पाजणार होतो. तिचा वाटा राखून ठेवला होता."

त्याने हनुवटीने खिडकी दाखवली. कोनाड्यात जुन्या औषधाची तपकिरी बाटली होती. तळाला एका मेंढीपुरते औषध शिल्लक होते, आणि बाटलीच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवलेला होता.

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिले.

"आठांत सतराच का?"

"तीच सगळ्यांत धट्टीकट्टी. चारा टाकला की बाकीच्यांना ढकलून पुढे यायची. म्हटलं, हिला जास्त दिवस मिळतील. म्हणजे तुम्हालाही विचार करायला जास्त दिवस मिळतील."

फाटकाशी गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. अहवाल न्यायला चालक वेळेआधीच आला होता.

"उरलेल्या बत्तीस?" डॉक्टरांनी विचारले.

"त्यांना हात लावला नाही. त्या तुमच्या. कुठलीही धरा."

डॉक्टर भिंतीकडे गेले. मेंढ्या सरकल्या. त्यांनी सगळ्यांत जवळची मेंढी धरायचा प्रयत्न केला आणि ती निसटली. दुसरी गुडघ्याने भिंतीशी दाबून धरली, तेव्हा त्यांच्या कोटाला शेण लागले. त्यांनी अंगठा आणि तर्जनीने तिची खालची पापणी ओढली आणि दुसऱ्या हाताने खिशातली पट्टी काढली.

"उजेडाकडे तोंड करा तिचं," मागून आप्पा म्हणाला. "सावलीत सगळ्याच फिकट दिसतात. मागाहून माझ्यावर आळ नको."

डॉक्टरांनी मेंढीला उन्हात वळवले. पट्टी पापणीशेजारी धरली. पहिला चौकोन, तिसरा, पाचवा. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी तिला सोडले आणि दुसरी धरली. मग तिसरी. चौथी मेंढी आप्पानेच शिंगाखाली हात घालून त्यांच्यासमोर उभी केली, आणि या वेळी डॉक्टरांना पापणी ओढायला एकच बोट लागले.

फाटकाशी भोंगा वाजला.

चाऱ्याच्या खोक्यावर डॉक्टर बसले. तक्त्याचा कागद त्यांनी गुडघ्यावर पसरला. शेवटचा रकाना जिथे संपत होता, तिथून कागदाच्या कडेपर्यंत दोन बोटे जागा कोरी होती. त्यांनी खिसे चाचपले. पट्टी नावाची एकच वस्तू त्यांच्याजवळ होती. तिची कड कागदावर टेकवून त्यांनी वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. गुडघा हलल्यामुळे ती मधे किंचित वाकली. आयुष्यात त्यांनी वाकडी रेघ ठेवली नव्हती. ही त्यांनी तशीच राहू दिली आणि तिच्या माथ्यावर एक शब्द लिहिला. मग खाली पेन चालू लागले. या वेळी अर्धविराम पडत नव्हते.

पुन्हा भोंगा वाजला. आप्पा फाटकापर्यंत जाऊन चालकाला काहीतरी सांगून आला, आणि परत येताना कोनाड्यातली बाटली घेऊन आला. तिच्यात किती आहे ते त्याने उजेडाकडे धरून पाहिले.

"बत्तिसांना हे पुरायचं नाही. भांडाराची चिठ्ठी लागेल तुमच्या सहीची."

डॉक्टरांनी मान वर न करता हात पुढे केला. आप्पाने खिशातून चिठ्ठी काढून त्या हातात दिली. ती आधीच लिहिलेली होती, आकड्यासकट. तारीख दहा दिवसांपूर्वीची होती. डॉक्टरांनी ती वाचली. तारीख खोडावी असे त्यांना वाटले असावे, कारण पेन तिथे क्षणभर अडले. मग त्यांनी तारीख होती तशी ठेवून खाली सही केली.

"आणि लिहून झालं की ती पट्टी परत द्या, साहेब," आप्पा म्हणाला. "माझ्याकडे तेवढीच आहे."